पंडिता रमाबाई आणि माता-बालकांच्या शुश्रूषेसाठी दिलेले दान



पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव नावाचे स्थानक लागते. बारामती किंवा इंदापूरहून आगगाडीने पुण्यास येणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी ते खिडकीतून पाहिले असेल. आज केडगाव दौंड तालुक्यात मोडते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र दौंड व बारामती हे भाग मिळून भीमथडी तालुका होता आणि त्याची कचेरी बारामतीस होती. त्या अर्थाने केडगावचे मुक्तिसदन ही बारामतीकरांच्या अंगणातलीच गोष्ट आहे. या मुक्तिसदनाच्या संस्थापिका पंडिता रमाबाई यांचे नाव मराठी ख्रिस्ती समाजात सर्वांना ठाऊक आहे. संस्कृत विदुषी, विधवांची आई, बायबलची भाषांतरकर्ती म्हणून त्यांची चरित्रे पुष्कळ लिहिली गेली. परंतु त्यांच्या जीवनातील एका धाग्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. बाळंतिणीच्या खाटेपाशी जाणकार स्त्री वैद्य उभी असली पाहिजे आणि तो खर्च समाजाने दानातून उचलला पाहिजे, ही मागणी आपल्या देशात ज्यांनी प्रथम जाहीरपणे मांडली त्यांत रमाबाई होत्या. या लेखात आम्ही त्यांचे चरित्र त्याच धाग्याने सांगणार आहोत.

भुकेने पोरके झालेले कुटुंब

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. हा भाग आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे नामांकित विद्वान होते. स्त्रियांना संस्कृत शिकविणे हे त्या काळी पाप समजले जाई. अनंतशास्त्रींनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, ते शिकविले आणि त्यासाठी लोकांचा रोष पत्करून अरण्यात आश्रम मांडला. लक्ष्मीबाईंनी पुढे आपल्या लेकीस स्वतः संस्कृत शिकविले.

आश्रम कर्जापायी सुटला आणि हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थाटन करू लागले. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात आधी वडील, मागोमाग आई आणि पुढे थोरली बहीणही गेली. मागे राहिली ती सोळा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. दोघांनी हजारो मैलांची पायपीट केली. वाटेत त्यांनी उपवास काढले, थंडी सोसली, नदीकाठच्या वाळूत खड्डा करून त्यात रात्र घालविली. भुकेल्या माणसासमोर उपदेश किती पोकळ वाटतो, हे रमाबाईंस पुस्तकातून शिकावे लागले नाही. पुढे दुष्काळपीडित मुलींना त्यांनी ज्या तातडीने पोटाशी धरले, तिचे मूळ या दिवसांत आहे.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पण मानसन्मानामागोमाग दुःखही आले. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात निराळी असल्याने या विवाहावर बरीच टीका झाली. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीच्या रोगाने पती गेले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. कडेवर दहा महिन्यांची लेक घेऊन त्या पुण्यास आल्या.

पुण्यातील एक साक्ष

पुण्यास येताच रमाबाईंनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच वर्षी शिक्षणाची पाहणी करण्यासाठी सरकारने नेमलेले हंटर आयोग पुण्यास आले आणि त्यापुढे साक्ष देण्यास रमाबाईंना पाचारण झाले. शिक्षणाविषयीच्या या साक्षीत त्यांनी मुलींसाठी प्रशिक्षित शिक्षिका व स्त्री निरीक्षक नेमावेत, असे सांगितले. हे अपेक्षितच होते. पण त्यांनी आणखी एक मागणी केली. या देशातील स्त्रिया लाजेपायी व रूढीपायी पुरुष डॉक्टरास आपले दुखणे दाखवीत नाहीत, त्यामुळे असंख्य स्त्रिया अकाली मरण पावतात, म्हणून वैद्यकीय महाविद्यालयांचे दार स्त्रियांसाठी उघडावे, असा त्यांचा आग्रह होता.

आज ही मागणी साधी वाटते, परंतु त्या काळचे घर डोळ्यांसमोर आणून पाहावे. बाळंतपण घरातील अंधाऱ्या खोलीत होई. सुईण आपल्या अनुभवावर काम करी. तिचे कौशल्य आम्ही कमी लेखीत नाही. पिढ्यान् पिढ्या तिनेच आपल्या आज्यापणज्यांची सुटका केली. पण मूल आडवे आले, रक्तस्राव थांबेना, अंगात ताप भरला, तर सुईणीपाशी उपाय नसे आणि पुरुष डॉक्टरास आत प्रवेश नसे. दवाखाना गावात असला तरी तो त्या स्त्रीसाठी नसल्यासारखाच होता.

या उणिवेची झळ किती घराण्यांना लागली याचे एक उदाहरण रमाबाईंच्या नात्यातच होते. कल्याणला १८६५ मध्ये जन्मलेल्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे बाळ दहा दिवसांत गेले. योग्य उपचार मिळाले असते तर ते वाचले असते, या जाणिवेतून त्या मुलीने डॉक्टर होण्याचा निश्चय केला. १८८३ मध्ये ती अमेरिकेस निघाली. अंगावरील सोन्याच्या बांगड्या मोडून तिने वाटखर्च उभा केला, आणि तिने श्रीरामपूर येथे, म्हणजे कलकत्त्याजवळच्या गावी, केलेल्या भाषणानंतर लोकांनीही वर्गणी दिली.

दानातून उभी राहिलेली इस्पितळे

रमाबाईंच्या साक्षीची वार्ता इंग्लंडपर्यंत गेली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. एकट्या रमाबाईंमुळे राणी व्हिक्टोरियाचे मन वळले, असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे होईल. पन्ना संस्थानच्या महाराणीनेही एलिझाबेथ बीलबी या वैद्यकीय कार्यकर्तीमार्फत १८८१ मध्ये राणीस हेच गाऱ्हाणे कळविले होते. अनेक स्त्रियांचे हे आवाज एकत्र झाले आणि १८८५ च्या ऑगस्टमध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने एक राष्ट्रीय निधी स्थापन झाला. भारतीय स्त्रियांस स्त्री वैद्यांकडून उपचार मिळावेत, स्त्रियांना डॉक्टर, परिचारिका व सुईण म्हणून शिक्षण मिळावे, स्त्रियांसाठी इस्पितळे व वॉर्ड उभे राहावेत, हे त्याचे हेतू होते. हा निधी सरकारी तिजोरीतून नव्हे, तर मुख्यतः लोकांच्या देणग्यांतून उभा राहिला. संस्थानिकांनी मोठ्या रकमा दिल्या, सामान्य माणसांनीही वर्गणी घातली.

मुंबईत तर लोक त्याच्याही आधी जागे झाले होते. जॉर्ज किट्रेज हे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली हे पारशी समाजसुधारक यांनी स्त्री डॉक्टर आणण्यासाठी निधी जमविला. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी एक लाखाहून अधिक रुपये दिले. त्यातून १८८६ मध्ये स्त्रिया व मुलांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले आणि इंग्लंडहून आलेल्या डॉक्टर एडिथ पीची यांनी तेथे काम पाहिले. ते रुग्णालय आजही मुंबईतील गोरगरीब मातांची सेवा करीत आहे. धर्म, देश व भाषा भिन्न असलेल्या माणसांनी एकाच थाळीत दान टाकले, ही गोष्ट आपण ध्यानी धरण्याजोगी आहे.

डॉक्टर होऊ न शकलेली स्त्री

स्वतः डॉक्टर व्हावे, अशी रमाबाईंचीही इच्छा होती. आपल्या स्त्रीधर्मनीति या पुस्तकाच्या विक्रीतून आलेल्या पैशावर त्या १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींनी त्यांना आसरा दिला. या उपकाराची परतफेड म्हणून रमाबाई भारतात येऊ घातलेल्या भगिनींना मराठी शिकवीत. तेथे भगिनींच्या सेवाकार्यात त्यांनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांना प्रेमाने उभे केलेले पाहिले. या दर्शनाने त्यांच्या मनावर खोल परिणाम केला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

वैद्यकीय शिक्षणाचे स्वप्न मात्र भंगले. त्यांना ऐकू कमी येत होते. या दोषामुळे डॉक्टरी अभ्यासक्रम त्यांना झेपणार नाही, असे स्पष्ट झाले. पंचविशीतल्या त्या विधवेस ही केवढी निराशा वाटली असेल! पण जे आपल्या हातून होणार नाही ते इतरांच्या हातून घडावे म्हणून त्या झटू लागल्या. दानाच्या इतिहासातील ही एक मोठी शिकवण आहे असे आम्हास वाटते. प्रत्येकास शस्त्रक्रिया करता येत नाही. शस्त्रक्रिया करणारीच्या पाठीशी उभे राहणे मात्र अनेकांना शक्य असते.

१८८६ च्या प्रारंभी रमाबाई अमेरिकेस गेल्या, त्या आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्र हाच होता. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना मिळाली होती. पण क्षयाने त्यांना ग्रासले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षात, पुण्यास त्यांचे निधन झाले. एकाही बाळंतिणीची त्यांना आपल्या देशात डॉक्टर म्हणून सेवा करता आली नाही. तरीही ती वाट मोडली नाही. रखमाबाई त्याच वाटेने लोकांच्या मदतीवर लंडनला शिकून आल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ स्त्रियांच्या इस्पितळांची धुरा वाहिली.

एक डॉलरची वर्गणी

अमेरिकेत रमाबाई दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. गावोगावी त्यांनी व्याख्याने दिली. १८८७ मध्ये त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले. त्याला फिलाडेल्फियाच्या त्याच महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली यांनी प्रस्तावना लिहिली. पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या. त्याच वर्षी डिसेंबरात बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि भारतातील बालविधवांच्या शाळेस दहा वर्षे साहाय्य देण्याचे तिने मान्य केले.

हे साहाय्य कसे जमले ते पाहण्यासारखे आहे. ठिकठिकाणी रमाबाई मंडळे निघाली आणि त्यांतील प्रत्येक सभासदाने वर्षाला निदान एक डॉलर द्यावा, असे ठरले. एखादा धनिक एकदाच मोठी रक्कम देऊन मोकळा झाला, असे येथे घडले नाही. शाळेतील शिक्षिका, गृहिणी, वृद्ध स्त्रिया दरवर्षी आठवणीने आपला डॉलर पाठवीत. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेकडे प्रभूने शिष्यांचे लक्ष वेधले होते. समुद्रापलीकडच्या विधवांसाठी आलेले ते डॉलर पाहून आम्हास त्याच विधवेची आठवण होते.

११ मार्च १८८९ रोजी, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीदानानंतर बरोबर तीन वर्षांनी त्याच तारखेस, मुंबईत शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या.

मदत देणारा आणि घेणारा यांच्यातील विश्वास किती नाजूक असतो, हेही शारदा सदनाने दाखविले. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील, असे ठरले होते. रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेस काही मुली स्वतःहून बसू लागल्या, आणि १८९३ मध्ये पुण्यात मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात कोणाचे किती चुकले, यावर आजही मतभेद आहेत. आम्ही येथे निवाडा करू इच्छीत नाही. मात्र सेवाकार्य करणाऱ्या आपल्या प्रत्येक संस्थेने यातून बोध घ्यावा. दुःखी माणसास दिलेली मदत ही त्याच्या अंतःकरणाची किंमत मोजण्यासाठी नसते. ती विनाअट असली, आणि तिचा हिशेब उघडा असला, तरच तिला दान म्हणता येते.

प्लेग, दुष्काळ आणि केडगावची माळरानें

अमेरिकेतील मदतीची मुदत १८९८ मध्ये संपणार होती. तेव्हा संस्थेस स्वतःच्या पायावर उभे करावे म्हणून रमाबाईंनी केडगाव येथे जमीन घेऊन फळझाडे लावली आणि विहिरी खोदविल्या. दान हे बियाण्यासारखे असते, ते पेरले तरच टिकते, हे त्या जाणत होत्या.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. लहानपणीच्या आठवणींनी व्याकूळ होऊन रमाबाई स्वतः तेथे गेल्या आणि शेकडो मुली व तरुण विधवांस घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग शिरला. १० मार्च १८९७ रोजी रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले याच रोगास बळी पडल्या. प्लेगमुळे पुण्यात नव्या मुली ठेवण्यास मज्जाव झाला आणि रमाबाईंनी त्यांना केडगावच्या मोकळ्या जागेत नेले.

प्लेगच्या काळातील एक प्रसंग आमच्या विषयाशी थेट निगडित आहे. प्लेगच्या रुग्णालयात व विलगीकरण छावणीत स्त्रियांची नीट काळजी घेतली जात नाही, त्यांच्या अब्रूस धोका आहे, हे रमाबाईंनी मुंबईच्या एका ख्रिस्ती वृत्तपत्रात पत्र लिहून जाहीर केले. हा विषय इंग्लंडपर्यंत गेला आणि सरकारने आरोप नाकारले. सत्ताधारी ख्रिस्ती होते आणि रमाबाईही ख्रिस्ती होत्या. पण त्यामुळे त्या गप्प बसल्या नाहीत. इस्पितळाच्या चार भिंती उभ्या केल्या म्हणजे शुश्रूषा झाली, असे त्यांनी मानले नाही. त्या भिंतींच्या आत स्त्रीचा मान राहतो की नाही, हाही प्रश्न त्यांनी विचारला. आजच्या प्रसूतिगृहांनाही तो लागू पडतो.

२४ सप्टेंबर १८९८ रोजी केडगाव येथे मुक्तिसदनाची पायाभरणी झाली. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. हाडांचे सापळे झालेल्या, अंगावर फोड व जखमा असलेल्या मुली येत. त्यांना आधी धुऊनपुसून, औषधपाणी करून, हळूहळू अन्नावर आणावे लागे. मोठ्या मुली लहानग्यांची शुश्रूषा करीत आणि त्यातूनच काही जणी परिचर्येचे काम शिकल्या. विणकाम, शेती, तेलघाणा, छपाई यांबरोबर परिचर्या हाही तेथील एक उद्योग झाला.

१८९९ मध्ये रमाबाईंनी कृपासदन सुरू केले. फसविल्या गेलेल्या, घराबाहेर काढलेल्या स्त्रियांसाठी ते होते. त्यांपैकी काही जणी दिवस गेलेल्या अवस्थेत येत, काहींच्या कडेवर तान्हे मूल असे. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढून अशा मातांसाठी प्रथम दार उघडले होते. तोच वसा केडगावच्या माळावर पुढे चालला. आई कोण, बाप कोण, असे न विचारता बाळास जगविणे हेच तेथील काम होते.

आपल्या ख्रिस्तसभेने उशिरा उचललेले पाऊल

येथे आपण कॅथोलिकांनी प्रांजळपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. रमाबाई स्त्री डॉक्टरांसाठी झगडत होत्या, त्या काळी आपल्या धर्मभगिनी रुग्णसेवेत अग्रेसर होत्या. परंतु बाळंतपण करण्याची त्यांना मोकळीक नव्हती. धर्मव्रत घेतलेल्या स्त्रीने प्रसूतिकार्य करू नये, असा जुना नियम होता. म्हणजे जिथे पडद्यातील माता केवळ स्त्रीच्याच हातून उपचार घेण्यास तयार होती, तिथे तिच्या सर्वांत जवळ पोहोचू शकणाऱ्या भगिनींचेच हात बांधलेले होते.

हे बंधन सुटावे म्हणून स्कॉटलंडच्या डॉक्टर ॲग्नेस मॅक्लारेन यांनी उतारवयात रोमच्या वाऱ्या केल्या. रावळपिंडी येथे त्यांनी स्त्रिया व मुलांसाठी इस्पितळ उभारण्यास हातभार लावला. १९१३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या प्रेरणेने ऑस्ट्रियाच्या ॲना डेंगल डॉक्टर होऊन रावळपिंडीस आल्या आणि पुढे १९२५ मध्ये त्यांनी वैद्यकीय मिशनच्या भगिनींचा संघ स्थापन केला. आंध्रातील गुंटूर येथे ऑस्ट्रेलियन डॉक्टर मेरी ग्लोरी यांनी पोपमहोदयांच्या खास परवानगीने धर्मभगिनी म्हणून वैद्यकी केली. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमहून आज्ञापत्र निघाले आणि धर्मभगिनींना माता व बालकांच्या वैद्यकीय सेवेची मोकळीक मिळाली. नव्हे, ती करण्यास उत्तेजन मिळाले. रमाबाईंच्या पुण्यातील साक्षीनंतर चोपन्न वर्षांनी हे घडले. आज आपल्या मिशन इस्पितळांतील प्रसूतिविभागात भगिनी रात्रंदिवस उभ्या दिसतात. त्यांना ही वाट किती कष्टाने मोकळी झाली, याचे स्मरण आपण ठेवावे.

आजची बारामती, आजचे इंदापूर

काळ बदलला आहे. बारामती व इंदापूर येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत आणि २०१९ पासून बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त व बाळंतिणीचा आहार विनामूल्य आहे, आणि घरापासून रुग्णालयापर्यंत ने-आण करण्याची तरतूदही आहे. मग दानाची गरज उरली आहे का, असे कोणी विचारील.

नीरा कालव्याच्या पाण्याने हिरव्या झालेल्या या भागात गळिताच्या हंगामात उसाच्या फडाकडे जाऊन पाहावे, म्हणजे उत्तर मिळेल. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांच्या परिसरात बीड व अन्य दुष्काळी भागांतून आलेली जोडपी कोपी घालून राहतात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो आणि त्या कोयत्यावर मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते. एक दिवस काम बुडाले तर खाडा पडतो. म्हणून दिवस भरत आलेली स्त्रीही मोळी उचलते आणि बाळंत झालेली स्त्री आठवडा पुरा होण्याआधी फडात परतते. उपचार विनामूल्य आहेत, पण बुडालेली मजुरी कोण देणार? थोरली मुले कोपीत कोणाच्या भरवशावर ठेवणार? इस्पितळात सोबत बसणाऱ्या सासूचे जेवण कोठून येणार? कागदपत्रे गावी राहिली असतील तर खिडकीवर कोण बोलणार? शासनाची योजना इस्पितळाच्या दारापर्यंत येते. कोपीपासून त्या दारापर्यंतची वाट मात्र शेजारधर्मानेच चालावी लागते.

आपल्या धर्मग्रामांनी काय करावे, याविषयी आम्ही काही सुचवू इच्छितो.

पहिले दान रक्ताचे. बाळंतपणातील अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे एक प्रमुख कारण आहे आणि अशा वेळी घटकाभराचा उशीरही जिवावर बेततो. प्रत्येक धर्मग्रामाने वर्षातून दोन वेळा रक्तदान शिबिर घेतले, तर न पाहिलेल्या मातांचे प्राण वाचतील.

दुसरे दान माहितीचे. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखल्या पाहिजेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने ही योजना २००६ पासून लागू आहे, आणि रुग्णालयाने आपल्या बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावयाची असते. पुण्यास अत्यवस्थ बाळ घेऊन जाणाऱ्या कित्येक मातापित्यांना हे ठाऊकच नसते. धर्मग्रामातील दोन सुशिक्षित तरुणांनी ही माहिती करून घेतली आणि गरजूंसोबत रुग्णालयात जाण्याची तयारी ठेवली, तर त्याला एक पैसाही लागत नाही.

तिसरे दान नियमित वर्गणीचे. रमाबाई मंडळांच्या एका डॉलरप्रमाणे प्रत्येक कुटुंबाने महिन्याला जमेल ती लहान रक्कम माता-बालक निधीसाठी बाजूला काढावी. त्यातून प्रवासखर्च, सोबत्याचे जेवण, बाळंतिणीस खारीक-खोबरे व डाळ, बाळास दुपटी व टोपडे एवढे सहज होते. हिशेब दरवर्षी उपासनेनंतर सर्वांपुढे वाचावा. मदत घेणारी माता कोणत्या धर्माची, कोणत्या जातीची, हे वहीत लिहू नये.

चौथे दान मातांनीच मातांना द्यावयाचे आहे. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. ज्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना स्वतःच्या आईचे दूध मिळू शकत नाही, त्यांना दुसऱ्या मातांनी दिलेले दूध तेथे मिळते. मातृदुग्धपेढी असलेल्या रुग्णालयात आपली लेक-सून बाळंत झाली, तर या दानाची चौकशी अवश्य करावी.

अखेरची वर्षे

रमाबाईंच्या आयुष्याची अखेरची वर्षे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात गेली. मुक्तिसदनातील मुलींनीच त्याचे खिळे जुळविले. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. पण जिच्यासाठी त्या तेविसाव्या वर्षी उभ्या राहिल्या आणि जिने पुढे त्यांच्या कार्याचा अर्धा भार वाहिला, ती मनोरमा १९२१ च्या जुलैमध्ये त्यांच्याआधी गेली. आईस हे दुःख पचवावयास थोडेच महिने मिळाले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंनी देह ठेवला. त्यांचे भाषांतर पुढे १९२४ मध्ये छापून पूर्ण झाले.

त्या स्वतः डॉक्टर झाल्या नाहीत. दुष्काळात आईवडील, पुढे भाऊ व पती, उतारवयात एकुलती एक लेक, असे एकेक जिवलग त्यांनी गमावले. ज्यांना आपले म्हणता येईल असे कोणी उरले नसताना, हजारो मुलींनी त्यांना आई म्हटले. त्यांनी मागितलेल्या आणि मिळविलेल्या दानाचा हिशेब इमारतींत करावयाचा नसून जगलेल्या जिवांत करावयाचा आहे.

पवित्र मरिया स्वतः गर्भवती असताना डोंगराळ प्रदेशातून चालत वृद्ध एलिझाबेथच्या मदतीस गेली आणि तिच्याकडे सुमारे तीन महिने राहिली. आपल्या परिसरात आज रात्री कोण्या कोपीत, कोण्या चाळीत एखादी एलिझाबेथ दिवस मोजीत असेल. तिच्याकडे कोणी जावे, याचा विचार येत्या रविवारी उपासनेनंतर आपापल्या धर्मग्रामात करावा, अशी वाचकांस आमची नम्र विनंती आहे.